ऑलिव्हच्या खोडातला साप

इबिझा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? रात्रभर चालणाऱ्या पार्ट्या, डीजे, पांढऱ्या भिंतींची हॉटेलं, निळंशार पाणी आणि ऑफिसातल्या कोणीतरी टाकलेले सूर्यास्ताचे फोटो. आमच्या टीममधल्या प्रत्येकाच्या यादीत "एकदा इबिझा करायचंय" हे असतंच. (लग्न झालं की त्याचं अंदमान होतं, आणि मूल झालं की महाबळेश्वर :-) )

मला आज लिहायचंय ते याच इबिझाबद्दल, पण पार्ट्यांबद्दल नाही. एक सरडा, एक साप आणि एक झाड एवढीच पात्रं आहेत. गोष्ट खरी आहे, अजून संपलेली नाही, आणि माझ्या मते ती आपल्यासारख्या लोकांनी, म्हणजे नुकताच फ्लॅट घेतलेल्या किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या लोकांनी, नीट वाचावी अशी आहे.

आधी बेटाची ओळख. इबिझा स्पेनच्या पूर्वेला, भूमध्य समुद्रात. क्षेत्रफळ सुमारे ५७० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढं होतं त्याच्याहून थोडं कमीच. दक्षिणेला त्याचं धाकटं भावंड, फोरमेंतेरा. प्राचीन ग्रीक लोक या दोघांना 'पाइनची बेटं' म्हणायचे, आणि आजही तिथल्या डोंगरांवर अलेप्पो पाइनच दिसतो. खाली लाल माती, दगडी बांध घातलेली शेतं, बदाम, अंजीर, कॅरोब, ऑलिव्ह. माळावर रोझमेरी आणि थाइमची झुडपं. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठणठणीत.

गंमत अशी की या बेटावर जमिनीवर राहणारे सस्तन प्राणी मुळात नव्हतेच. माणूस येण्याआधीच्या काळातली हाडं गुहांमध्ये सापडली आहेत, त्यात पक्षी आहेत, वटवाघळं आहेत आणि एक सरडा आहे. बस्स. उंदीर नाही, ससा नाही, मुंगूस नाही, कोल्हा नाही. पाणकोंबडीच्या कुळातला एक खास इबिझाचा पक्षीही होता. माणूस बेटावर आला त्या सुमारास तो संपला. सरडा मात्र टिकला. तिथले लोक त्याला 'सर्गंताना' म्हणतात. आपल्याकडच्या बागेत मान हलवत बसणारा सरडा डोळ्यांसमोर आणू नका. हा सडपातळ, लांब शेपटीचा, सापसुरळीची आठवण करून देणारा. शास्त्रीय नाव पोडार्सिस पिटियुसेन्सिस. इबिझा, फोरमेंतेरा आणि आजूबाजूचे टापू सोडले तर जगात दुसरीकडे कुठेच हा मूळचा नाही.

आणि ते टापू! शेवटच्या हिमयुगानंतर समुद्र वर चढला आणि उंचवट्यांचे छोटे छोटे टापू झाले. प्रत्येक टापूवर थोडे सरडे अडकले. हजारो वर्षं एकमेकांपासून तुटलेले. त्यामुळे एका टापूवरचा हिरवा, दुसऱ्यावरचा निळसर, तिसऱ्यावरचा जवळजवळ काळा. एस वेद्रा नावाचा चारशे मीटर उंच कातळ समुद्रातून सरळ वर आलाय (इबिझाच्या सूर्यास्ताच्या निम्म्या फोटोंत तोच असतो), त्याच्यावर पोटाशी निळे असलेले सरडे आहेत. अशा वीसहून जास्त उपजाती शास्त्रज्ञांनी नोंदवल्या आहेत. एका मुंबईएवढ्या जागेत!

साप मात्र नव्हते. रोमन लेखक प्लिनीने जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, की या बेटाची माती सापांना पळवून लावते. मातीत तसं काही नव्हतं, हे उघड आहे. साप तिथे पोचलाच नव्हता, एवढंच. पण निरीक्षण बरोबर होतं, आणि ते पुढेही शतकानुशतकं बरोबर राहिलं.

२००३ साली ते चुकीचं ठरलं.

झालं असं. इबिझात पैसा आला, तसे व्हिला आले. व्हिला आले तशा बागा आल्या. आणि भूमध्य समुद्राकाठच्या श्रीमंत बागेत एक गोष्ट लागतेच लागते. जुनं, पिळवटलेलं, भेगाळलेलं ऑलिव्हचं झाड. रोप लावून वाट बघायला कोणाला वेळ आहे? मग स्पेनच्या मुख्य भूमीवरून शे-दोनशे वर्षांची झाडं मुळासकट उपटायची, ट्रकवर आडवी घालायची, बोटीने बेटावर न्यायची आणि स्विमिंग पूलच्या शेजारी रोवायची. दुसऱ्या दिवशी बाग दोनशे वर्षांची!

आता अशा झाडाची किंमत कशावर ठरते बघा. खोड जितकं वाकडंतिकडं, जितकं पोकळ, जितक्या भेगा जास्त, तितकं ते देखणं आणि तितकं महाग. आणि नेमक्या त्याच पोकळ्यांमध्ये हिवाळ्यात साप झोपतात, अंडी घालतात. म्हणजे गिऱ्हाईक ज्या गोष्टीसाठी जास्तीचे पैसे मोजत होतं, तीच गोष्ट सापाचं तिकीट होती.

त्या खोडांमधून जो साप आला त्याच्या अंगावर घोड्याच्या नालेसारखी खूण असते. स्पेनचा दक्षिण भाग आणि उत्तर आफ्रिका हे त्याचं मूळ घर. आपल्या धामणीच्या कुळातला. चपळ, चढण्यात पटाईत, माणसाला निरुपद्रवी. आपल्या घरी तो शंभर प्राण्यांमधला एक. तिथे त्याला खाणारे आहेत, आणि तो ज्यांना खातो त्यांना पळायचं कसं ते ठाऊक आहे. इबिझाच्या सरड्याला साप म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. हजारो वर्षं ज्या घराला दाराची गरज पडली नाही, तिथे अचानक चोर आला तर कडी कोण लावणार?

सुरुवातीची काही वर्षं फारसं काही दिसलं नाही. २०१० नंतर साप झपाट्याने पसरला. त्यावर संशोधकांनी केलेल्या अभ्यासानुसार २०१८ पर्यंत बेटाच्या ४९ टक्के भूभागावर साप पोचला होता. जिथे साप नाही तिथे जवळपास प्रत्येक पाहणीत सरडे दिसले, जिथे साप आहे तिथे जवळपास एकाही पाहणीत दिसले नाहीत. "कमी झाले" नाही, दिसलेच नाहीत. २०२४ मध्ये आययूसीएनने आपल्या लाल यादीत या सरड्याला थेट 'संकटग्रस्त' गटात टाकलं. २०१० पासून त्यांची संख्या निम्म्याने तरी घटली, असं कारण दिलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर ते टापू म्हणजे बॅकअप होते. मुख्य सर्व्हर गेला तरी तीस ठिकाणी प्रती आहेत, आणि प्रत्येक प्रत थोडी वेगळी. पण हा साप पोहतो. बेट आणि टापू यांच्या मधल्या समुद्रात पोहताना तो बघितला गेलाय. एका टापूवरची उपजात तर नाहीशी झाल्याचं त्याच अभ्यासात म्हटलंय. ज्याने सर्व्हर खाल्ला तोच बॅकअपपर्यंत पोचला तर काय होतं, हे कुठल्याही आयटीवाल्याला सांगायची गरज नाही.

हे सगळं मी एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं तेव्हा टेबलावरून तीन प्रश्न आले. तिन्ही रास्त आहेत, म्हणून एकेक घेतो.

पहिला, "सरडाच ना शेवटी? एवढं काय?"

याचं उत्तर शेजारच्या बेटांवर आहे. मायोर्का आणि मेनोर्का या मोठ्या बेटांवर असाच एक सरडा होता. माणसाने आणलेल्या शिकारी प्राण्यांमुळे तो मुख्य बेटांवरून शतकांपूर्वीच संपला, आता फक्त आजूबाजूच्या टापूंवर उरलाय. मेनोर्कावर डॅफ्नी रॉड्रिगेझी नावाचं एक झुडूप आहे, जगात फक्त तिथेच. त्याची फळं खाऊन बिया पसरवायचं काम सरडा करायचा. सरडा गेला. आता मुख्य बेटावर फळं झाडाखालीच पडतात आणि नवी रोपं फारशी उगवत नाहीत. पण मेनोर्काला अगदी लागून कोलोम नावाचा टापू आहे. तिथे सरडा आहे, आणि तिथे त्याच झुडपाची नवी रोपं दिसतात. २००५ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. झुडूप तेच, हवा तीच, फरक फक्त सरड्याचा. या बेटांवर सरडे फुलांमधला मध चाटतात, परागकण नेतात, बिया पेरतात. जिथे मधमाशी, पक्षी, खार, माकड अशी भरगच्च टीम नसते, तिथे एकच माणूस पाच जणांचं काम करत असतो. (अशी माणसं प्रत्येक ऑफिसात असतात. तो राजीनामा देतो तेव्हा कळतं.)

आता खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी सगळं कोसळतंच असं नाही. मायोर्कावर सरड्याचं काम दुसऱ्या एका झुडपासाठी मार्टेन या मुंगसाएवढ्या प्राण्याने उचललं. गंमत म्हणजे तोही माणसानेच आणलेला. पण त्याचं फिरणं वेगळं, म्हणून ते झुडूप आता पूर्वीपेक्षा वेगळ्या उंचीवर वाढतं. म्हणजे कधी बदली माणूस मिळतो, कधी नाही. मेनोर्काला मिळाला नाही. इबिझाला मिळेल या भरवशावर बसणं म्हणजे जुगार.

दुसरा प्रश्न, "पण साप मारायचे? तोही जीवच ना?"

हा प्रश्न मला जास्त टोचतो. नागपंचमीला पाटावर चंदनाचा नाग काढणाऱ्या घरात मी वाढलोय. इबिझावर काय करतात, तर लाकडी पेट्या ठेवतात. आत जाळीमागे एक जिवंत उंदीर, त्याला खाणंपाणी. साप वासावर आत शिरतो, दार एकाच दिशेने उघडतं, बाहेर येता येत नाही. उंदीर वाचतो, साप मारला जातो. सरकारी माणसं आहेत, स्वयंसेवक आहेत, आपल्या शेतात पेटी लावणारे साधे शेतकरी आहेत. दरवर्षी हजारोंनी साप पकडले जातात. मला हे वाचायला आवडत नाही. पण हात बांधून बसणं म्हणजे तटस्थ राहणं, हे मला पटत नाही. साप स्वतःहून आला असता तर निसर्गाचा न्याय म्हणता आलं असतं. त्याला बोटीत बसवून आपण आणला. आता "आम्ही मध्ये पडत नाही" म्हणणं म्हणजे एका बाजूने आधीच मध्ये पडून झाल्यावर हात धुणं. सापाचा गुन्हा शून्य, शिक्षा मात्र त्यालाच. जी बाग सजवायला झाड आलं, तिच्या बिलात हे हजारो साप कधी लागले नाहीत, हा माझा खरा राग आहे.

तिसरा प्रश्न आमच्या मॅनेजरचा, म्हणजे अर्थातच प्रोसेसचा. "कस्टम्सने अडवलं कसं नाही?"

कारण अडवायला सीमाच नव्हती! इबिझा स्पेनचंच. दक्षिण स्पेनमधून इबिझाला झाड नेणं म्हणजे कागदावर नाशिकहून पुण्याला नेण्यासारखं. देशाची सीमा माणसांनी आखलेली, बेटाची सीमा समुद्राने. कायद्याला पहिलीच दिसत होती. आम्ही कोड लिहिताना एखादी तयार लायब्ररी आयात करतो, तिच्यासोबत आणखी चाळीस गोष्टी येतात ज्या कोणी वाचलेल्या नसतात. निदान त्यांची यादी तरी मिळते. झाडाच्या खोडात काय काय आहे याची यादी कोणी मागितली नाही, कारण बिलावर 'ऑलिव्ह, नग एक' एवढंच होतं.

शेवटी कायदा आला. बालेआरिक बेटांच्या सरकारने जानेवारी २०२३ मध्ये खास या सरड्यांच्या संरक्षणासाठी तातडीचा अध्यादेश काढला आणि मोठे ऑलिव्ह, कॅरोब, ओक अशी झाडं बेटावर आणण्यावर बंधनं घातली. २००३ ते २०२३. वीस वर्षं हा बग उघडा होता, आणि त्या काळात फोरमेंतेरावरही दुसऱ्या एका जातीचे साप वसले. बंधन योग्यच, पण खोडातून निघालेला साप परत खोडात जात नाही.

तर मुद्दा. माझ्या मते या गोष्टीतला खलनायक साप नाही, नर्सरीवाला नाही, व्हिलाचा मालकसुद्धा एकटा नाही. खलनायक आहे एक शब्द, जो आपल्या नगरपालिकांच्या प्रत्येक पाटीवर असतो : सुशोभीकरण. निसर्ग म्हणजे फर्निचर, आवडेल तिथून उचलायचं आणि आवडेल तिथे मांडायचं, ही कल्पना.

इबिझाच्या समुद्रातही तेच चालतं. तिथलं पाणी इतकं नितळ का, तर तळाशी पोसिडोनियाची कुरणं आहेत. हे शेवाळ नाही, फुलं येणारी खरीखुरी वनस्पती आहे. फोरमेंतेराजवळ २००६ साली एकाच वनस्पतीचा आठ किलोमीटर पसरलेला पट्टा सापडला. युनेस्कोने १९९९ साली इबिझाला जागतिक वारसा यादीत घेतलं त्यात या कुरणांचा मोठा वाटा होता. पर्यटक ज्या पाण्याचे फोटो काढतात ते या गवतामुळे. पण त्याची वाळलेली पानं किनाऱ्यावर येऊन पडली की तोच पर्यटक नाक मुरडतो, "बीच घाण आहे." खरं तर तो पानांचा थर हिवाळी लाटांपासून वाळू धरून ठेवतो. आणि वर पांढऱ्याशुभ्र यॉटचे नांगर तीच कुरणं उपटत होते, म्हणून २०१८ मध्ये पोसिडोनियावर नांगर टाकायला बंदी आणावी लागली. सुंदर पाण्यासाठी आलेली बोट पाणी सुंदर ठेवणारी गोष्ट उपटते. ऑलिव्हची गोष्ट हीच, फक्त जमिनीवरची.

तुम्ही म्हणाल, इबिझाचं इबिझाला. आपला काय संबंध? २०२१ च्या अखेरीस आंध्र प्रदेशातल्या कडियमच्या एका नर्सरीतून सुमारे १८० वर्षांची दोन ऑलिव्हची झाडं ट्रकवर घालून जामनगरला गेल्याची बातमी सगळ्या पेपरांत होती. मूळची स्पेनची. बातम्यांचा सूर कौतुकाचा होता : ट्रक केवढा, क्रेन केवढी, किंमत किती. त्या झाडांबरोबर काही आलं असं मी अजिबात म्हणत नाही. आपल्याकडे परदेशी रोपांच्या आयातीसाठी विलगीकरणाचे नियम आहेत, आणि योगायोग बघा, तो आदेशही २००३ चाच. मला खटकतो तो कौतुकाचा सूर. झाडाचं वय हे फीचर म्हणून विकलं जातंय, आणि आपण सगळे त्याला लाइक देतोय.

जुनं झाड विकत घेता येतं, झाडाचं जुनेपण नाही. दोनशे वर्षं त्याने ज्या मातीत काढली, ज्या पक्ष्यांना, किड्यांना, हो, सापांनासुद्धा घर दिलं, ते सगळं तिथेच राहतं. ट्रकवर येतं ते फक्त खोड, आणि खोडात चुकून झोपलेलं जे कोणी असेल ते. त्या सापाने निदान दोन्हीकडचं घर गमावलं नाही. जिथून झाड उपटलं तिथला खड्डा आणि जिथे रोवलं तिथला रिकामा माळ, दोन्ही नुकसानीच्या बाजूला.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. शंभर वर्षांवरचं झाड ही विकायची वस्तू नसावीच. कायद्याने बंद होईल तेव्हा होईल. तोपर्यंत निदान आपण, ज्यांच्या मेंटेनन्समधून सोसायट्यांच्या बागा होतात, त्यांनी एजीएममध्ये हात वर करून एक प्रश्न विचारावा : हे झाड कुठून येतंय? उत्तर आलं नाही, तर रोप लावा. दहा वर्षं ते किरकोळ दिसेल. ब्रोशरमध्ये छापण्यासारखं तर मुळीच दिसणार नाही. आपण वीस वर्षांचं होम लोन सही करताना घाबरत नाही, मग एका झाडाला वीस वर्षं द्यायला काय हरकत आहे?

आणि इबिझाला जाणार असाल तर जरूर जा. पार्टीही करा. फक्त एका सकाळी, हँगओव्हर उतरल्यावर, एखाद्या दगडी बांधाशी दहा मिनिटं शांत उभे राहा. काही सळसळलं, तर त्या भागात साप अजून पोचला नाही. काहीच सळसळलं नाही, तर आजूबाजूला बघा. एखादं फार देखणं, फार जुनं ऑलिव्हचं झाड जवळपासच असेल.